ट्रायम्फ : नाव कुणाचं, हात कुणाचे?

मोटारसायकल या विषयावर मी लिहावं याचं माझ्या नेहमीच्या वाचकांना नवल वाटेल. छत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं ते सायकलवरून शाळेत जाऊन. घरात स्कूटर आली ती मुलगा कमावता झाल्यावर, आणि तिच्यावरही मी मागेच बसलो. पण इतिहासाच्या मास्तराला कुठलीही जुनी वस्तू दिसली की त्याचा हात खडूकडे जातो. ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. तेव्हा मंडळी, आज थोडं लोखंड आणि थोडं तेल.

आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर नावाचा भाग आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, ओतकाम आणि लेथकामासाठी हा भाग नावाजलेला आहे. माझा एक जुना विद्यार्थी तिथंच जवळ गॅरेज चालवतो. वर्गात बाकाखाली बसून घड्याळं उघडणाऱ्यांपैकी हा एक. गेली काही वर्षं तो जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतो. मध्यंतरी त्याचा निरोप आला, "सर, एक गाडी दाखवायची आहे. इतिहासाची आहे, तुम्हीच बघा."

गाडी होती १९४९ सालची ट्रायम्फ स्पीड ट्विन. एका वाड्याच्या पडवीत कित्येक वर्षं गोणपाटाखाली पडलेली. मडगार्ड कुजलेलं, टाकीला भोक, इंजिन जाम, चाकाच्या तारा गंजून तुटलेल्या. ती उभी करायला त्याला अडीच वर्षं लागली. मी पाहिली तेव्हा ती गडद तांबूस लाल रंगात चमकत होती. या रंगाला कंपनीनं 'अ‍ॅमरंथ' असं नाव दिलं होतं. अ‍ॅमरंथ म्हणजे आपला राजगिरा! शेतात राजगिऱ्याची पिकलेली कणसं ज्यांनी पाहिली असतील त्यांना तो रंग वेगळा सांगायला नको. कॉव्हेंट्रीच्या गाडीचा रंग आपल्या उपासाच्या लाडवाच्या झाडाचा निघावा, याची मला मोठी गंमत वाटली.

विद्यार्थ्यानं मला गाडीची रचना समजावून सांगितली. (गुरुशिष्यांच्या जागा अशा बदलल्या की फार बरं वाटतं.) इंजिन ४९८ सी.सी.चं, शेजारी शेजारी दोन सिलिंडरचं. दोन्ही दट्टे एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात, पण स्फोट मात्र आळीपाळीनं होतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यामुळे एका सिलिंडरच्या गाडीसारखे लांब लांब ठोके न पडता सलग, एकसारखा आवाज येतो. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना ही सवय ठाऊक आहे. हेडलाइट, वेगाचं घड्याळ आणि स्विच हे सगळं पुढच्या एकाच पत्र्याच्या टोपणात बसवलेलं. ही पद्धत कंपनीनं त्याच १९४९ सालच्या गाड्यांपासून आणली.

खरी अडचण आली ती आट्यांची. या गाडीचे नटबोल्ट मिलिमीटरच्या हिशोबातले नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं १८४१ मध्ये आट्यांचं एक प्रमाण सुचवलं, उतार ५५ अंशांचा. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. पुढे सायकलींसाठी इंचाला २६ असे बारीक आटे ठरले आणि मोटारसायकलवाल्यांनी तेही उचलले. शिवाय व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. आजचा पाना घेऊन गेलात तर नटाची धार मारूनच परत याल. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आपल्या जुन्या लेथवर एकेक बोल्ट पाडून दिला. वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त. मी त्यांना विचारलं, "काका, नमुना तर गंजलेला होता, मग माप कसं काढलंत?" ते म्हणाले, "गंज वरनं असतोय गुरुजी. आट्याच्या तळाला मूळ माप ऱ्हातंय. ज्यानं पाडला त्याचा हात कळतोय."

ज्यानं पाडला त्याचा हात! हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. कारण त्यानंतर घरी येऊन या कंपनीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. वारसा म्हणजे नेमकं काय? टाकीवरचं नाव, की तो हात?

आधी नावाची गोष्ट. ट्रायम्फला जग अस्सल ब्रिटिश म्हणतं. पण तिचा संस्थापक सीगफ्रीड बेटमान हा जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा ज्यू. जन्म १८६३ चा. विशीत तो इंग्लंडला आला आणि शिवणयंत्रं आणि सायकली विकू लागला. सायकल दुसऱ्यानं बनवलेली, नाव याचं. स्वतःच्या नावापेक्षा युरोपातल्या बहुतेक भाषांत कळेल असं नाव हवं म्हणून त्यानं १८८६ मध्ये 'ट्रायम्फ' म्हणजे विजय हा शब्द निवडला. पुढे न्यूरेंबर्गचाच मॉरित्झ शुल्टे भागीदार झाला आणि त्यांनी कॉव्हेंट्रीत कारखाना घातला. १९०२ मध्ये पहिली मोटारसायकल बाहेर पडली, तिचं इंजिन बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीचं होतं. स्वतःचं इंजिन आलं १९०५ मध्ये. म्हणजे या 'अस्सल ब्रिटिश' गाडीचे मालक जर्मन आणि पहिलं इंजिन बेल्जियन!

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा बेटमान कॉव्हेंट्रीचा महापौर होता. शहराचा पहिला नागरिक आणि जन्मानं शत्रुराष्ट्राचा. त्याच्याकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. दुसरीकडे त्याच्याच कारखान्यातून सैन्याला मोटारसायकली जात होत्या. 'मॉडेल एच' नावाच्या त्या गाडीला सैनिकांनी 'ट्रस्टी' म्हणजे विश्वासू असं नाव दिलं, आणि युद्धकाळात अशा सुमारे ३०,००० गाड्या पुरवल्या गेल्या. गाडी विश्वासू, पण ती बनवणाऱ्यावर विश्वास नाही. माणसांचं हे असं असतं. आपण कुठले आहोत हे आपल्या कामावरून ठरतं की जन्मगावावरून, हा वाद त्या काळीही मिटला नव्हता आणि आजही मिटलेला नाही.

पुढे मंदी आली. १९३६ मध्ये कंपनीची मोटारसायकलची बाजू जॅक सँगस्टर यानं विकत घेतली आणि एडवर्ड टर्नर या अवघ्या पस्तिशीच्या संरचनाकाराच्या हाती दिली. टर्नर तापट आणि हेकट होता असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. पण त्याची नजर विलक्षण होती. १९३७ मध्ये त्यानं स्पीड ट्विन आणली. दोन सिलिंडरचं इंजिन त्यानं इतकं आटोपशीर बसवलं की एका सिलिंडरच्या गाडीच्या सांगाड्यात ते मावलं. किंमत सुमारे ७५ पौंड आणि वेग ताशी ९० मैलांच्या आसपास. त्यानंतरची तीसेक वर्षं जवळजवळ प्रत्येक ब्रिटिश कंपनी याच रचनेच्या मागे धावली.

आता १४ नोव्हेंबर १९४०. त्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर रात्रभर बाँब टाकले. पाचशेहून अधिक माणसं मेली. शहराचं मध्ययुगीन कॅथीड्रल जळालं आणि त्याच्या शेजारचा प्रायरी स्ट्रीटवरचा ट्रायम्फचा कारखानाही जमीनदोस्त झाला. ज्या देशात कंपनीचा संस्थापक जन्मला त्याच देशाच्या विमानांनी त्याची निर्मिती बेचिराख केली. बेटमान तेव्हा हयात होता आणि त्याच शहरात राहत होता. (तो १९५१ मध्ये वारला.) कामगारांनी ढिगाऱ्यातून वाचलेली यंत्रं बाहेर काढली, वॉरिकला तात्पुरतं काम सुरू केलं आणि १९४२ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बाहेर मेरिडेन या खेड्यात नवा कारखाना उभा राहिला. मेरिडेन हे इंग्लंडचं केंद्र अशी तिथली जुनी समजूत. आपल्यासमोरची राजगिरी गाडी याच कारखान्यातली. तिच्या इंजिनावर ठोकून उठवलेला नंबर आहे. त्यातला एक अंक किंचित कलता आहे. पंच धरलेला हात जरासा हलला असणार. शिष्याला मी म्हटलं, "अरे, हा अंक सरळ करू नकोस हां!" तो हसून म्हणाला, "सर, हात लावला तर गाडीच खोटी होईल."

युद्धानंतर मेरिडेनला सुगीचे दिवस आले. ब्रिटनला कर्ज फेडायला डॉलर हवे होते, गाड्या अमेरिकेला जाऊ लागल्या. १९५१ मध्ये सँगस्टरनं कंपनी बी.एस.ए. या मोठ्या कंपनीला विकली. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडो ट्रायम्फवर बसला आणि अमेरिकेतली तरुण पोरं वेडी झाली. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बॉनव्हिल या मिठाच्या वाळवंटात जॉनी अ‍ॅलन यानं ट्रायम्फचं इंजिन बसवलेल्या लांबोडक्या यंत्रावर ताशी २१४ मैलांचा वेग गाठला. त्या जागेचं नाव घेऊन १९५९ ची 'बॉनव्हिल' आली. हे नाव जगभर गेलं.

आपल्याकडे मात्र स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं येत गेली. मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, म्हैसूरला जावा. इंग्लंडहून आलेल्या गाड्या जिथं होत्या तिथं राहिल्या, आणि सुटे भाग मिळेनात म्हणून मिस्त्रींच्या हातावर जगल्या.

मग हे वैभव बुडालं कसं? आमच्या लहानपणापासून एक सोपं उत्तर ऐकत आलोय, जपान्यांनी स्वस्त माल आणला आणि इंग्रज कामगार संप करत बसले. इतिहासात सोपं उत्तर दिसलं की थोडं थांबावं. होंडा अमेरिकेत गेली १९५९ मध्ये, लहान गाड्या घेऊन. खुद्द टर्नर १९६० मध्ये जपानला जाऊन तिथले कारखाने पाहून आला आणि त्यानं मोठ्या धोक्याचा इशारा दिला. पण ब्रिटिश कंपन्यांनी मनाची समजूत घातली की पोरं लहान जपानी गाडीवर शिकतील आणि मोठी झाली की आमची घेतील. एकेका लहान गाडीच्या बाजारातून त्यांनी अंग काढून घेतलं, कारण तिथं लगेच नफा दिसत नव्हता. १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या बोस्टनच्या सल्लागारांनीही हाच निष्कर्ष मांडला. आजचा नफा पाहिला, उद्याची यंत्रसामग्री पाहिली नाही. १९६९ मध्ये होंडानं चार सिलिंडरची ७५० आणली तेव्हा मेरिडेनची यंत्रं म्हातारी झाली होती. त्यातच १९७० मध्ये वरच्यांनी नवा सांगाडा आखला. त्याचे नकाशे उशिरा आले, आणि सांगाडा आला तेव्हा त्यात मेरिडेनचं इंजिन बसेना. कित्येक आठवडे कामगार गाडीविना बसून राहिले. शेवटी गाडी निघाली तर आसन इतकं उंच की बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला टेकेनात! यात हाताची चूक कुठली सांगा.

१९७३ मध्ये बी.एस.ए. बुडाली. सरकारी मदतीनं नॉर्टन आणि ट्रायम्फ एकत्र करून नवी कंपनी केली गेली आणि तिचा प्रमुख डेनिस पूर यानं त्याच सप्टेंबरात मेरिडेन बंद करण्याची घोषणा केली. सुमारे १,७५० माणसांची नोकरी जाणार होती. कामगारांनी एक वेगळीच गोष्ट केली. त्यांनी दगड मारले नाहीत, यंत्रं फोडली नाहीत. ते कारखान्यात शिरून बसले. फाटकाशी पाळीपाळीनं पहारा ठेवला आणि तयार गाड्या, नकाशे, साचे काही बाहेर जाऊ दिलं नाही. दीड वर्ष! हिवाळे काढले. मधल्या काळात सरकार बदललं, टोनी बेन उद्योगमंत्री झाले आणि मार्च १९७५ मध्ये ४२ लाख पौंडांचं कर्ज आणि साडेसात लाखांचं अनुदान घेऊन मेरिडेनची कामगार सहकारी संस्था सुरू झाली.

सहकार म्हटलं की आम्हा पश्चिम महाराष्ट्रातल्यांचे कान टवकारतात. या संस्थेत सुरुवातीला सगळ्यांना सारखा पगार होता, आठवड्याला ५० पौंड. झाडणाऱ्यालाही तेवढाच आणि कुशल फिटरलाही तेवढाच. हे टिकलं का? नाही. पुढे पगार वेगवेगळे करावे लागले, बाहेरून व्यवस्थापक आणावे लागले. मूळ भांडवलच तोकडं होतं, नवीन इंजिन आखायला पैसा नव्हता. पन्नास-साठच्या दशकातलीच गाडी सुधारत सुधारत ते विकत राहिले. अमेरिकी कायद्यामुळे गिअर डाव्या पायाला न्यावा लागला, तोही त्यांनी नेला. १९७७ मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त खास बॉनव्हिल काढली. नंतर पौंड महागला, अमेरिकेतली विक्री आटली आणि ऑगस्ट १९८३ मध्ये सगळं संपलं.

हे वाचताना माझ्यासमोर साल आलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. मेरिडेनला टाळं लागलं तेव्हा आमच्या गावात परळ-लालबागहून परत आलेली माणसं पारावर बसलेली असत. माझ्या वर्गात एक मुलगा मधल्या सहामाहीत मुंबईहून आला होता. वडील साच्यावर होते. शाळेत नाव घालताना वडिलांचा धंदा या रकान्यात काय लिहायचं, असं त्याच्या आईनं मला विचारलं. मी 'गिरणी कामगार' असंच लिहिलं. तो रकाना भूतकाळात लिहायची सोय नव्हती आणि मला तशी इच्छाही नव्हती.

मेरिडेन आणि गिरणगाव एकच आहेत असं मला म्हणायचं नाही. इथं बसून राहायला कारखाना नव्हता, पाठीशी मंत्री नव्हता. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी सर्वोच्च न्यायालयातून हक्क मिळवून १९८८ नंतर काही वर्षं कारखाना स्वतः चालवला, तेवढं एक उदाहरण आपल्याजवळ आहे. पण शेवट पाहा. मेरिडेनचा कारखाना १९८४ मध्ये पाडला आणि तिथं घरं झाली. तिथल्या रस्त्यांची नावं आहेत बॉनव्हिल क्लोज आणि डेटोना ड्राइव्ह. परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला, नाव फिनिक्सच राहिलं आणि चिमणीही राहिली. नावं टिकतात हो. नावाला पगार द्यावा लागत नाही.

तर मग ट्रायम्फ नंतर जगली कशी? जॉन ब्लूर या घरबांधणी व्यावसायिकानं १९८३ मध्ये ते नाव विकत घेतलं. मला आधी वाटलं, घ्या, आणखी एक नाव विकणारा. पण या माणसानं घाई केली नाही. हिंकलीला नवा कारखाना बांधला, जपानी कारखान्यांचा अभ्यास केला, आणि सात वर्षं थांबून १९९० मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात पूर्ण नवीन गाड्या मांडल्या. जुन्या मालकांनी जे केलं नाही, म्हणजे यंत्रसामग्रीत पैसा घालून वाट पाहणं, ते यानं केलं. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

आणि आता या गोष्टीची शेवटची गाठ आपल्याकडे मारली गेली आहे. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बजाज कंपनीनं ट्रायम्फशी करार केला आणि २०२३ मध्ये 'स्पीड ४००' ही गाडी आली. आराखडा हिंकलीचा, बनते चाकणला. चाकण म्हटलं की आम्हाला १६६० आठवतं. संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यानं शाहिस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस अडवलं. आज त्याच चाकणच्या परिसरात बीड-लातूरकडून आलेली पोरं कॉव्हेंट्रीचं नाव टाकीवर चढलेलं पाहतात. काही मित्र म्हणतात, ही काय खरी ट्रायम्फ! त्यांना मी एवढंच सांगतो की न्यूरेंबर्गच्या माणसानं बेल्जियमचं इंजिन लावून सुरू केलेली गाडी 'खरी' कुठली हे ठरवायला बसू नका. ती जिथं नीट बनते तिथली.

फक्त एक अट घालावीशी वाटते. राजगिरी गाडीचा मालक तिला प्रदर्शनात ठेवणार आहे. तिच्याशेजारच्या पाटीचा मजकूर मी लिहावा असं त्यानं सुचवलं. वाड्यातल्या आजोबांचं नाव, गाडीचं साल, कंपनीचं नाव, एवढं पुरे म्हणाला. मी मजकूर दिला आणि खाली आणखी तीन ओळी घातल्या. गाडी मेरिडेनच्या ज्या कामगारांनी बनवली त्यांच्याबद्दल एक, ती ज्यानं पुन्हा उभी केली त्याचं नाव, आणि ज्यानं आटे पाडले त्या मिस्त्रींचं नाव. मालकाला ओळी जास्त वाटल्या. पाटी मोठी करावी लागेल म्हणाला. मी म्हटलं, "करा की. जागा आहे." अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. मिस्त्रींना मी हे सांगितलेलं नाही, उगीच आशा नको.

वाचकहो, तुमच्या घरात जुनी गाडी, शिवणयंत्र, घड्याळ, काही असलं तर ते दुरुस्त करणाऱ्याचं नाव एका कागदावर लिहून आत ठेवून द्या. कंपनीचं नाव लिहायची गरज नाही, ते त्यांनी आधीच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.